फादर थॉमस स्टीफन्स : निराशेच्या मातीत उगवलेले ख्रिस्तपुराण



ऑक्टोबर हा जगभरच्या ख्रिस्तसभेचा मिशन महिना आणि पवित्र जपमाळेचाही महिना. मिशन रविवारी आपण दान गोळा करतो, दूरदूरच्या मिशनरींसाठी जपमाळ म्हणतो आणि त्यांचे कार्य पवित्र मरियेच्या हाती सोपवतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु मिशनरी म्हणजे कोणीतरी दूरचा, धाडसी आणि यशस्वी माणूस, असे चित्र नकळत आपल्या मनात तयार होते. प्रत्यक्षात मिशनकार्यातला मोठा भाग न दिसणाऱ्या, न मोजता येणाऱ्या आणि पुष्कळदा मन खचवणाऱ्या कामाचा असतो.

हे आपल्याला ठाऊक आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आपण ख्रिस्ती लोक मूठभर आहोत. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला, म्हणजे ख्रिस्तसभेच्या हिशेबाने तो अजून तरुणच म्हणायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर जाणारा धर्मशिक्षक भर उन्हात पोहोचतो, तेव्हा अर्धा पाडा मजुरीला बाहेरगावी गेलेला असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गाला मागच्या वर्षी वीस मुले होती, यंदा सात असतात. सिस्टर वर्षानुवर्षे आजाऱ्यांची सेवा करतात आणि गावात मात्र त्यांच्या हेतूविषयी कुजबुज चालते. अशा वेळी मनात प्रश्न येतोच की हे सगळे कशासाठी? यातून काय निघाले?

या प्रश्नाला कोरडा उपदेश पुरत नाही. म्हणून या रविवारी आम्ही आपल्यासमोर एका धर्मगुरूचे चरित्र ठेवत आहोत. त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स ते हेच. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. परंतु त्या मानाच्या मागे किती निराशा उभ्या होत्या, हे फारसे सांगितले जात नाही.

एक मित्र तुरुंगात, एक जहाजावर

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडनमध्ये व्यापारी होते. तो काळ इंग्लंडातील कॅथलिकांना फार कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्साबलिदानावर बंदी होती, आणि जुना विश्वास न सोडणाऱ्यांना दंड आणि तुरुंगवास भोगावा लागे.

तरुण थॉमसला थॉमस पाउंड नावाचा एक जिवलग मित्र होता. दोघांनी मिळून ठरवले की रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा. भारतातून येणाऱ्या मिशनरींच्या पत्रांनी त्या काळी युरोपातल्या कितीतरी तरुणांची मने पेटवली होती. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला तेव्हा पाव शतकही झाले नव्हते. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

पाउंडने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. त्याला स्टीफन्स विसरले नाहीत. भारताकडे निघण्यापूर्वी, १५७८ साली, त्यांनी येशूसंघाच्या प्रमुखांकडे मित्रासाठी रदबदली केली, आणि तुरुंगात असतानाच पाउंडला पत्राद्वारे संघात प्रवेश देण्यात आला. एक मित्र साखळदंडात राहून येशूसंघीय झाला, तर दुसरा समुद्र ओलांडून. दोघांनी मिळून पाहिलेले स्वप्न तसे मोडलेच. पण जे उरले ते देवाच्या हाती ठेवून स्टीफन्स पुढे चालू लागले.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडताना वादळे, वाट चुकणे, पाण्याची टंचाई आणि हिरड्या सुजवून माणसाला निकामी करणारा रोग, असे सर्व काही त्यांनी पाहिले. दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले आणि सत्तावीस जण दगावले. तरीही त्या काळच्या मानाने हा आकडा लहानच समजला गेला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांची नोंद करतात. म्हणजे त्यांच्या आगमनाचा दिवसही आपल्या या मिशन महिन्यातलाच.

कुंकळ्ळीची विहीर

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. पुढची सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे जवळजवळ सारे उरलेले आयुष्य, त्यांनी याच भागात मडगाव, राचोल आणि आसपासच्या गावांत काढले.

पण हे काम सुरू होऊन चार वर्षेही झाली नव्हती तोच मोठा आघात झाला. २५ जुलै १५८३ रोजी साष्टीतील कुंकळ्ळी या गावी पाच येशूसंघीय मारले गेले. फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा, फादर आल्फोन्सो पाशेको, फादर पिएत्रो बेर्नो, फादर अंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्हा हे ते पाच. त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोकही मारले गेले आणि मृतदेह एका विहिरीत टाकण्यात आले. ते मिळवण्याच्या कामात फादर स्टीफन्स पुढे होते, असा उल्लेख मिळतो. या पाच जणांना १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्यवादित घोषित केले.

यांपैकी फादर रुडॉल्फ यांची गोष्ट विशेष आहे. १५८० ते १५८३ अशी तीन वर्षे ते फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारात होते. बादशहा त्यांचे प्रेमाने ऐके, वादविवाद रंगत, मान मिळे. पण ज्या फळाची येशूसंघाने अपेक्षा केली होती ते मिळाले नाही. ते गोव्याला परतले आणि काही आठवड्यांतच कुंकळ्ळीला मारले गेले. जगाच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही ठिकाणी पदरी शून्यच आले.

बंधू-भगिनींनो, ही घटना सांगताना अर्धेच सत्य सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. कुंकळ्ळीच्या लोकांचा राग आकाशातून पडला नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती, लोकांच्या रूढींवर बंदी घातली होती आणि गावावर लष्करी कारवाई केली होती. फादरांच्या आधी सैनिक गावात जाऊन आले होते. आणि त्या हत्यांनंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना वाटाघाटीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून ठार केले. मारले गेलेले मिशनरी शस्त्र घेऊन गेले नव्हते, हे खरे. त्यांच्या मागे शस्त्र घेतलेली सत्ता उभी होती, हेही तितकेच खरे. त्यांच्यासाठी प्रार्थना करताना त्या गावकऱ्यांचेही दुःख आपण विसरू नये.

आता क्षणभर फादर स्टीफन्स यांच्या जागी उभे राहून पाहा. वय चौतीसच्या आसपास. मायदेशात परतण्याचा मार्ग बंद, कारण तिथे कॅथलिक धर्मगुरूला फाशीची शिक्षा होत होती. जिवलग मित्र तुरुंगात. जवळचे सहकारी विहिरीतून बाहेर काढावे लागलेले. आणि ज्या लोकांची सेवा करायची, त्यांच्या मनात संशय व भीती. हातपाय गाळून बसायला याहून अधिक कारणे कोणती हवीत?

तीन महिन्यांनंतरचे पत्र

त्यांनी त्यानंतर काय केले, हे आपल्याला कळते. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, म्हणजे गोव्यात उतरल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी युरोपातील आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्या पत्रात कुंकळ्ळीची हकीकत आहेच. पण त्याच पत्रात ते इथल्या भाषांविषयीही कौतुकाने लिहितात. या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. युरोपातील विद्वानांना हे सत्य उमगायला त्यानंतर दोनशे वर्षे लागली. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत आणि ग्रीक-लॅटिन यांचे नाते मांडले ते १७८६ साली.

ज्या लोकांच्या हातून आपले भाऊबंद मारले गेले, त्यांच्या भाषेत सौंदर्य शोधणारे मन निराशेने गिळलेले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस काही इंग्रज व्यापारी होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ज्या इंग्लंडने आपल्या मित्राला तुरुंगात टाकले, त्याच इंग्लंडचे हे लोक. तरी फादर स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामीन मिळवून दिला. मनातली कटुता अशा लहान लहान कृतींतून धुतली जाते.

संत थॉमस आक्वायनस यांनी आशेविषयी जे विवेचन केले आहे ते इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते आशेचा विषय चार गोष्टींनी ओळखावा. तो चांगला असतो, तो अजून हाती आलेला नसतो, तो मिळवणे कठीण असते आणि तरीही तो शक्य असतो. सहज मिळणाऱ्या गोष्टीसाठी आशेची गरजच नसते. म्हणून अडचण दिसली की आशा संपली असे आपण समजतो ते उलटे आहे. आशेचे काम अडचणीपाशीच सुरू होते. सगळे ठीक होईल, असे म्हणत बसणे हा आशावाद. काम कठीण आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहून, देवाच्या साहाय्याने ते शक्य आहे असा विश्वास धरून पहिले पाऊल टाकणे, ही ख्रिस्ती आशा. फादर स्टीफन्स यांचे पहिले पाऊल होते लोकांची भाषा शिकण्याचे.

एका माणसाने विचारलेला प्रश्न

ते कोकणी शिकले, मराठी शिकले. वरवर शिकले नाहीत, तर पुराणिकांची, संतकवींची ग्रांथिक मराठी त्यांनी आत्मसात केली. काळ कोणता होता पाहा. कुंकळ्ळीची घटना १५८३ ची, आणि १५८४ साली पैठणला संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ओवी त्या काळी घराघरांत म्हटली जात होती.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची मात्र एक अडचण होती. जुनी पुराणे वाचण्यावर, म्हणण्यावर त्यांना बंदी होती. दिवसभर काम करून संध्याकाळी एकत्र बसायचे, पोथी ऐकायची, ओव्या म्हणायच्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एकाएकी तोडली गेली होती. हातात आली होती ती प्रश्नोत्तरांची पुस्तिका. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी फादर स्टीफन्स स्वतःच सांगतात की, धर्मशिक्षणाच्या वेळी एका माणसाने त्यांच्यापुढे ही व्यथा मांडली. आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हा प्रश्न तक्रारीचा होता. एखादा मिशनरी त्याने नाराज झाला असता, कदाचित त्या माणसाच्या विश्वासावर शंकाही घेतली असती. फादर स्टीफन्स यांनी त्या तक्रारीत प्रार्थना ऐकली. लोकांना ख्रिस्त नको होता असे नाही, त्यांना गाता येईल असा ख्रिस्त हवा होता. त्यांनी लेखणी उचलली.

मग वर्षानुवर्षे, गावोगावच्या सेवेतून, वर्गांतून, पापनिवेदने ऐकण्यातून वेळ काढून ते लिहीत राहिले. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासून जुन्या करारातील तारणाचा इतिहास आहे, त्याचे ३६ अवस्वर म्हणजे अध्याय आहेत. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र आहे, त्याचे ५९ अवस्वर आहेत. सगळ्या मिळून ओव्या अकरा हजारांच्या आसपास. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, आणि मराठी भाषेची थोरवी तर अशी गायली आहे की मराठीच्या अभ्यासकांना आजही तो भाग अभिमानाने आठवतो. इंग्लंडच्या खेड्यात जन्मलेल्या माणसाने हे लिहिले आहे!

उत्तर न मिळालेली विनंती

आता आणखी एक निराशा ऐका. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण अक्षरे रोमन. ज्यांच्यासाठी पुराण लिहायचे त्यांची लिपी वेगळी. १६०८ साली, वयाच्या साठीच्या घरात, फादर स्टीफन्स यांनी रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून विनंती केली की इथल्या भाषेतील पुस्तके इथल्या लिपीत छापता यावीत. हे प्रमुख म्हणजे फादर क्लाउडियो आक्वाव्हिवा, कुंकळ्ळीला मारले गेलेल्या फादर रुडॉल्फ यांचे काका. आपल्या जोडाक्षरांमुळे सुमारे सहाशे साचे लागतात, पण ते दोनशेपर्यंत कमी करता येतील, इतका बारीक हिशेब त्यांनी करून ठेवला होता. मरण्यापूर्वी हे पाहण्याची त्यांची इच्छा होती.

ते झाले नाही. देवनागरी खिळे आले नाहीत. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले गेले ते थेट १८०५ साली.

इथे आपल्यापैकी पुष्कळांचे पाय थांबतात. योजना चांगली होती, हेतू शुद्ध होता, वरच्यांनी साथ दिली नाही, मग सोडून द्या. फादर स्टीफन्स यांनी सोडले नाही. जी अक्षरे मिळाली त्या रोमन अक्षरांत त्यांनी आपली मराठी बसवली. १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण छापून झाले. तीन वर्षांनी, १६१९ साली, ते गोव्यात प्रभूघरी गेले. त्यांची कोकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांची पुस्तिका १६२२ साली निघाली आणि कोकणी भाषेचे त्यांचे व्याकरण १६४० साली, म्हणजे मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. ते कोकणीचे पहिले छापील व्याकरण ठरले. त्यांनी स्वतः त्याची छापील प्रत पाहिली नाही.

मेलेले बी

मरणानंतरही निराशेने त्यांच्या कामाचा पाठलाग सोडला नाही. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेसाठी फादर स्टीफन्स यांनी आयुष्य वेचले, तीच भाषा त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी दडपायला घेतली. पुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज कुठे उपलब्ध नाही.

मग ते वाचले कसे? लोकांनी वाचवले. ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांनीच. गोव्यातून कर्नाटक किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून नेले, घराघरांत म्हटले. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरच्या आसपासच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, आणि १७९९ पर्यंत ते तिथे होते. त्या पंधरा वर्षांत पुष्कळांना धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती. तेव्हा ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्यांचा विश्वास जिवंत ठेवला, असे परंपरेने सांगितले जाते. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले. पुढे रेव्हरंड जस्टिन अॅबट या मराठीप्रेमी अमेरिकन मिशनरींना लंडनमध्ये देवनागरीतले जुने हस्तलिखित सापडले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत प्रसिद्ध केले आणि १९९६ साली मुंबईत फादर कारिदाद द्रागो यांनी. फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली जे मागितले होते ते असे तब्बल साडेतीनशे वर्षांनी मिळाले. लोकांच्या भाषेत उपासना व्हावी हा विचार दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (१९६२–१९६५) साऱ्या ख्रिस्तसभेत रुजवला, आणि आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो, मराठीत गातो. त्या वाटेवर पहिली पावले टाकणाऱ्यांत साष्टीचे हे धर्मगुरू होते.

पेरणारा वेगळा आणि कापणारा वेगळा, ही रीत प्रभूने शिष्यांना सांगूनच ठेवली आहे. आपल्या खानदेशाला हे नवे नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात गाणी म्हणत राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. त्या ती गाणी पुस्तकासाठी म्हणत नव्हत्या. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या पोथ्या आजही जपलेल्या आहेत. त्या कोणी अज्ञात माणसांनी दिव्याच्या उजेडात उतरवल्या, पुढे कोण वाचेल हे ठाऊक नसताना. आणि आपले केळीचे शेतकरी तर जाणतातच की घड कापला, खोड तोडले, तरी मुळाशी पील उभे असते आणि पिलबागही घड देते.

आपल्यासाठी दोन गोष्टी

या चरित्रातून आम्हाला दोन गोष्टी विशेष घ्याव्याशा वाटतात.

पहिली अशी की, सगळे अपयश सारखे नसते. काही अपयश हा क्रूस असतो, तो खांद्यावर घेऊन चालायचे असते. थॉमस पाउंडचा तुरुंग, फादर स्टीफन्स यांना न मिळालेले खिळे, ही त्याची उदाहरणे. पण काही अपयश ही हाक असते, आपली रीत बदलण्याची. कुंकळ्ळीने हे शिकवले की सत्तेच्या सावलीत गेलेले शुभवर्तमान लोकांना शुभ वाटत नाही. ही दोन अपयशे ओळखायची कशी? फादर स्टीफन्स यांच्याकडे पाहा. त्यांनी लोकांची तक्रार ऐकली. पाड्यावर लोक येत नाहीत तेव्हा त्यांच्यावर रागावण्यापूर्वी आपणही विचारू या की त्यांची वेळ कोणती, त्यांची भाषा कोणती, त्यांचे दुःख कोणते? मजुरीवरून रात्री आठला परतणाऱ्यांसाठी दुपारी चारची प्रार्थनासभा ठेवून संख्या मोजणे न्यायाचे नाही. आपले अहिराणी बोलणारे आजी-आजोबा, आपले भिल्ल आणि पावरा बांधव प्रभूशी कोणत्या शब्दांत बोलतात, हे आपण त्यांच्याकडूनच शिकायला हवे.

दुसरी गोष्ट अशी की, विश्वास आपल्याला यशाची हमी देत नाही, तो आपल्याला एकटे सोडत नाही. प्रभू येशूच्या स्वतःच्या कार्याचा शेवट माणसांच्या डोळ्यांना कसा दिसला? शिष्य पळाले, क्रूसापाशी चार-दोन माणसे उरली. पेत्राने रात्रभर जाळे टाकूनही काही हाती आले नव्हते, आणि त्याच रिकाम्या नावेत प्रभू येऊन बसला. रिकामी नाव ही प्रभूला नको असलेली जागा नाही. सात मुलांचा वर्गही नाही.

म्हणून या मिशन महिन्यात आम्ही आपल्याकडे तीन लहान गोष्टी मागतो. पाड्यावर जाणाऱ्या आपल्या धर्मशिक्षकांबरोबर प्रत्येक कुटुंबातून एकाने निदान एकदा तरी जावे, नुसती सोबत म्हणून. घरातील वडीलधाऱ्यांना येणारी जुनी भक्तिगीते आणि प्रार्थना मुलांनी वहीत उतरवून घ्याव्यात, मग ती अहिराणीत असोत, पावरीत असोत की मराठीत. आणि ज्यांचे मन सेवेत खचले आहे असे आपल्याला दिसते, त्यांना किती जण आले हे विचारू नये, तुम्ही कसे आहात हे विचारावे.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तुझा सेवक थॉमस याला तू मित्रवियोगात, सहकाऱ्यांच्या रक्तात आणि उत्तर न मिळालेल्या विनंतीतही सांभाळलेस. आमच्या खानदेशात थकलेल्या पायांनी चालणाऱ्या धर्मशिक्षकांना, धर्मभगिनींना आणि प्रापंचिकांना तुझ्या आशेचे बळ दे. लोकांचे ऐकणारे कान आम्हाला दे, बदलण्याची नम्रता दे आणि पीक दुसऱ्या कोणी कापले तरी आनंद मानणारे अंतःकरण दे. पवित्र मरिये, मिशनरींच्या माते, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

आपला प्रभूमधील,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू